आधी बिलं शोधा: शहरातल्या एफएम केंद्राचा इतिहास लिहिण्याची ट्रॅफिकवालीची पद्धत

रेडिओत मी ट्रॅफिक विभागात होते. उद्या कुठली जाहिरात कुठल्या ब्रेकला, किती सेकंदांची लागणार याचं वेळापत्रक आज संध्याकाळी लावायचं आणि परवा ती खरंच लागली का हे लॉगवरून, म्हणजे काय कधी वाजलं त्या नोंदीवरून, तपासायचं, हे माझं काम. माइकसमोर कधी बसले नाही. त्यामुळे एखाद्या एफएम केंद्राचा इतिहास लिहायला कोणी निघालं, की मी पहिलं हेच सांगते: आरजेंना नंतर भेटा, आधी बिलं शोधा. आरजे आठवणी सांगतात आणि रंगवून सांगतात. पण केंद्राने नवी गाणी सोडून जुनी कधी धरली, रात्रीचा कार्यक्रम गावातून व्हायचा कधी थांबला, हे त्यांच्या आठवणीत वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे सरकलेलं असतं. जाहिरातीच्या कागदावर तारीख असते, वेळ असते आणि सेकंदही असतात.

रकाने आखा

वहीत किंवा शीटवर सहा रकाने आखा: तारीख, फ्रिक्वेन्सी, नाव, मालक, फॉर्मॅट (म्हणजे केंद्र काय वाजवतं आणि किती बोलतं तो साचा), पुरावा. बहुतेक लेखांमध्ये गोंधळ होतो तो नाव, मालक, फ्रिक्वेन्सी आणि फॉर्मॅट या चार गोष्टी एकच समजल्यामुळे. त्या एकत्र बदलतातच असं नाही.

मुंबईचं १०४.८ घ्या. तिथे २००७ मध्ये 'म्याव' आलं, बायकांसाठी गप्पांचं केंद्र. पुढे त्याच जागी 'ओये' आलं, मग 'इश्क'. काटा एकच, पाट्या तीन, आणि गप्पांकडून गाण्यांकडे झालेला प्रवास. आता उलट उदाहरण. मिड-डे समूहाचं 'गो ९२.५' हे मुंबईतलं २००२ मधलं केंद्र. त्याचं पुढे 'रेडिओ वन' झालं आणि ते ९४.३ वर गेलं. इथे नाव बदललं, काटाही बदलला, तरी धागा तोच. रेड एफएमचा ९३.५ मुंबईकरांना पाठ आहे, पण तो सुरू करणारा लिव्हिंग मीडिया समूह त्यातून बाहेर पडला आणि त्याच समूहाने पुढे 'म्याव' काढलं. म्हणजे मालकाचा धागा धरून चाललात तर ९३.५ वरून १०४.८ वर पोहोचता आणि श्रोत्याचा धागा धरलात तर ९३.५ वरच राहता. दोन्ही इतिहास खरे आहेत. आपण कुठला लिहितोय ते आधी ठरवा.

फ्रिक्वेन्सीवरून केंद्र ओळखू नका, हेही इथेच सांगते. ९४.३ म्हटलं की पुणेकराला रेडिओ वन आठवतं, कोल्हापूरकराला टोमॅटो एफएम, नागपूरकराला माय एफएम. कोणी जुनी आठवण सांगताना "तेव्हा ९४.३ वर" असं म्हणालं, तर तेव्हा ते कुठल्या शहरात राहत होते हे विचारायचंच.

पुराव्याचा रकाना कधीही रिकामा सोडायचा नाही. "अमुक यांनी सांगितलं" हाही पुरावा आहे, फक्त तसं लिहायचं.

सरकारी तारखा भिंतीवर लावा

गावातलं केंद्र बदललं की लोकांना वाटतं, नवा प्रोग्रॅमिंग हेड आला आणि त्याने बदल केला. येतोही. पण त्याच्या हातात किती असतं हे वर ठरलेलं असतं. म्हणून केंद्राच्या तारखा टिपण्याआधी देशाच्या तारखा एका कागदावर लिहून समोर लावा.

देशातलं पहिलं एफएम प्रसारण १९७७ मध्ये मद्रासला झालं, आकाशवाणीचं. १९९३ पासून मुंबई-दिल्लीत आकाशवाणीने आपल्या एफएमवरचे तास खासगी निर्मात्यांना भाड्याने दिले. टाइम्स एफएम त्यातलंच. १९९८ मध्ये ही पद्धत बंद झाली. इथे एक खड्डा आहे: मुंबईतले श्रोते नव्वदीतल्या टाइम्स एफएमची आठवण 'पहिलं खासगी केंद्र' म्हणून सांगतात. कार्यक्रम खासगी होते, पण ट्रान्समीटर आकाशवाणीचा होता आणि परवानाही. रकान्यात तसंच लिहा.

मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ ला, सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठात होते. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता, पण सरकारची मक्तेदारी कायद्याने टिकणार नाही हे तिथे स्पष्ट झालं. १९९९ मध्ये खासगी एफएमचं धोरण आलं, ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी लिलावाला निघाल्या आणि प्रत्यक्षात सुरू झाली २१ केंद्रं. पहिलं होतं बेंगळुरूचं रेडिओ सिटी, ३ जुलै २००१.

बाकीची का सुरू झाली नाहीत? कारण फी. दर वर्षी ठरलेली रक्कम भरायची आणि ती वर्षाला १५ टक्क्यांनी वाढायची. मुंबईत एका फ्रिक्वेन्सीची वार्षिक बोली ९.७५ कोटी रुपयांवर गेली होती. इतकी फी डोक्यावर असताना कोणी नाट्यसंगीताचं किंवा फक्त जुन्या गाण्यांचं केंद्र काढेल का? सगळे नव्या हिंदी गाण्यांच्या मागे लागले. पहिल्या पर्वातली केंद्रं एकमेकांसारखी का वाजायची याचं उत्तर आरजेंच्या मुलाखतीत मिळणार नाही, या फीच्या तक्त्यात मिळेल.

२००५ च्या दुसऱ्या टप्प्यात हे बदललं. एकरकमी प्रवेश शुल्क आणि मग उत्पन्नाच्या ४ टक्के. म्हणून २००६ नंतर कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, जळगाव अशा शहरांत खासगी केंद्रं आली. तुमच्या शहरातल्या केंद्राचा जन्म याच सुमाराचा असण्याची शक्यता मोठी. तरीही एका शहरात एका कंपनीला एकच केंद्र, हा नियम होता. आणि ज्याच्याकडे एकच दुकान आहे तो सगळ्यांना चालेल असाच माल ठेवतो.

तिसऱ्या टप्प्याचं धोरण २०११ चं, लिलाव २०१५ मध्ये, परवाना १५ वर्षांचा. यात एकाच शहरात एका कंपनीला एकाहून जास्त केंद्रं चालवायची मुभा मिळाली. मोठ्या शहरांत ९१.९ नशासारखी फक्त जुन्या हिंदी गाण्यांची दुसरी केंद्रं त्यानंतर दिसू लागली. दुसरी मुभा होती नेटवर्किंगची. एका शहरात केलेला कार्यक्रम कंपनीच्या देशभरातल्या केंद्रांवर लावता येऊ लागला. आधी हे फक्त छोट्या शहरांत, तेही एका विभागापुरतं चालायचं. गावातल्या केंद्राचा गावपणा कमी कधी झाला हे शोधायचं असेल, तर ही रेघ लक्षात ठेवा.

अजून एक तारीख, जी कोणाच्याच यादीत नसते: २५ ऑगस्ट २०१०. कॉपीराइट बोर्डाने त्या दिवशी गाण्यांची रॉयल्टी जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवली. त्याआधी गाणं वाजवल्याच्या तासांवर पैसे मोजावे लागायचे, मग त्या तासात जाहिरात आलेली असो वा नसो. छोट्या गावातल्या केंद्राला रात्री दोन वाजताचं गाणंही महाग पडायचं. या तारखेच्या अलीकडचा आणि पलीकडचा एकेक तास ऐकायला मिळाला, तर बोलणं आणि गाणं यांचं प्रमाण मोजून बघा. ही दरपद्धत २०२० पर्यंत चालली.

बातम्यांचंही टिपा. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तिसऱ्या टप्प्यात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची परवानगी मिळाली, आणि वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, खेळांची माहिती या गोष्टी बातमीत धरायच्या नाहीत असं ठरलं. सकाळच्या शोमध्ये रस्त्यावरच्या कोंडीबद्दल इतकं का बोलतात, त्याचं अर्धं कारण हे.

कागद कुठे मिळतात

केंद्राच्या ऑफिसात मिळणार नाहीत. मी हे अनुभवाने सांगते. ऑफिस बदललं की पहिली रद्दी निघते ती लॉगची. परवान्याच्या अटींनुसार प्रसारणाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपायचं असतं, त्यानंतर हार्ड डिस्क मोकळी केली जाते. म्हणून समोरच्या बाजूने जा: जाहिरात देणाऱ्याकडे.

शहरात एखादी जुनी जाहिरात एजन्सी असतेच. साड्यांचं मोठं दुकान, सराफ, क्लासेस, बिल्डर. यांच्या हिशेबनीसाकडे रेडिओच्या फायली असतात, कारण त्या करासाठी ठेवलेल्या असतात. त्यात तीन कागद असतात. आरओ, म्हणजे जाहिरात लावण्याची ऑर्डर. बिल. आणि ब्रॉडकास्ट सर्टिफिकेट, ज्यावर कुठल्या तारखेला किती वाजून किती मिनिटांनी जाहिरात लागली ते असतं. बिलाच्या डोक्यावर कंपनीचं नाव असतं, केंद्राचं नव्हे. पाटी तीच राहून मालक बदलला असेल, तर तो महिना तुम्हाला इथे सापडतो. बिलात सर्व्हिस टॅक्स आहे की जीएसटी, हे पाहून १ जुलै २०१७ च्या आधीचं की नंतरचं तेही कळतं, जरी तारखेवर चहा सांडलेला असला तरी.

आरओवर कार्यक्रमाचं नाव असतं. "सकाळी ७ ते ११, अमुक शो, दर दिवशी ४ स्पॉट" असं. एखाद्या शोचं नाव पहिल्यांदा आणि शेवटचं कुठल्या आरओवर दिसतं ते नोंदवलं, की शोचं आयुष्य कळतं. प्रेसनोटपेक्षा हे पक्कं. शो बंद झाल्याची प्रेसनोट कोण काढतं?

वर्तमानपत्रांच्या फायलींसाठी नगर वाचनालयं गाठा. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर, पुण्यात पुणे नगर वाचन मंदिर, नाशिकला सार्वजनिक वाचनालय, अशी गावोगावी आहेत. पण पेपर वाचताना केंद्राचा मालक कोण ते आठवत ठेवा. टोमॅटो पुढारीचं, माय एफएम भास्करचं, मिरची टाइम्सचं, फिव्हर हिंदुस्तान टाइम्सचं, आणि रेडिओ सिटी २०१५ पासून जागरणकडे. मालकाच्या पेपरात केंद्राच्या पहिल्या वाढदिवसाची पुरवणी मिळेल आणि प्रतिस्पर्धी पेपरात ओळही मिळणार नाही. म्हणून दोन्ही चाळा. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक मजकूर पुरवणीतल्या लेखात नसतो. तो तिथल्या शुभेच्छा-जाहिरातींत असतो, कारण केंद्राच्या मागे तेव्हा कोण उभं होतं ते त्यात दिसतं.

कंपनी शेअर बाजारात असेल तर वार्षिक अहवाल फुकट वाचता येतात आणि त्यात केंद्रांची यादी असते. केंद्रांच्या जुन्या वेबसाइट इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर सापडतात. कार्यक्रमपत्रिकेचं पान शोधा, मुख्य पान नव्हे.

केंद्र आकाशवाणीचं असेल तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. "केंद्राचा इतिहास द्यावा" असा अर्ज केलात तर एका पानाची गुळगुळीत माहिती येईल. "अमुक ते अमुक वर्षांचे फिक्स्ड पॉइंट चार्ट पाहायला मिळावेत" असं मागा. फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणजे दिवसाचा सांगाडा: सकाळी कितीला सभा (प्रसारणाचं सत्र) सुरू, विविध भारतीचं सहक्षेपण किती तास, प्रादेशिक बातम्या कितीला, शेतीचा कार्यक्रम कितीला. दोन वर्षांचे चार्ट शेजारी ठेवले की स्थानिक तास किती गेले ते बोटाने मोजता येतं. अहिल्यानगर, सातारा, नाशिक, कोल्हापूर अशा स्थानिक एफएम केंद्रांबाबत हा हिशेब कोणीतरी मांडायलाच हवा. खासगी केंद्राला हा कायदा थेट लागू होत नाही, पण त्याचा परवाना माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने दिलेला असतो, तेव्हा अर्ज तिकडे करायचा. व्यापारी गुपित म्हणून काही भाग नाकारतील. परवान्याची तारीख आणि फ्रिक्वेन्सी नाकारायचं कारण नाही.

एक तास पूर्ण उतरवा

फॉर्मॅट काय होता हे ठरवायचं असेल, तर एका तासाचं रेकॉर्डिंग मिळवून ते सेकंदासकट उतरवण्याला पर्याय नाही. शंभर जणांना "तेव्हा काय वाजायचं?" विचारलंत, तर शंभर जण आपलं आवडतं गाणं सांगतील.

कॅसेटी लोकांकडे असतात, पण सगळ्या कामाच्या नसतात. रेडिओवरून गाणी टेप करणारे जाहिरात आली की पॉज दाबायचे, बोलणं आलं की पॉज दाबायचे. अशा कॅसेटीत केंद्र उरतच नाही. कामाची कॅसेट असते ती स्पर्धेत बक्षीस मिळालेल्याची किंवा फोन-इनमध्ये ज्याचा फोन लागला त्याची. स्वतःचा आवाज कधी येईल याचा नेम नाही म्हणून घरच्यांनी टेप लावला आणि तसाच चालू ठेवला. त्यात सगळं येतं: जिंगल, टाइम चेक, ब्रेक, आरजेची अडखळ. "कोणाचा फोन लागला होता का?" असं विचारत फिरा.

डिजिटल करताना टाइम चेककडे लक्ष ठेवा. जुने टेप थोडे जलद किंवा हळू चालतात. आरजेने "आठ वाजून दहा मिनिटं" आणि "आठ चाळीस" असं म्हटलं असेल आणि तुमच्या फाइलमध्ये त्यामध्ये २९ मिनिटंच भरत असतील, तर वेग त्या प्रमाणात सुधारून घ्या. नाहीतर ब्रेकची लांबी चुकेल.

मग चार रंगांत उतरवा: गाणं, बोलणं, जाहिरात, केंद्राची स्वतःची ओळख. गाण्याचं वर्ष आणि भाषा लिहा. बोलण्यात गावाचं नाव, चौकाचं नाव, श्रोत्याचं नाव आलं की खूण करा. मराठी गाणं तासात कितव्या मिनिटाला येतं तेही बघा. खासगी एफएमवर मराठी गाणी वाजावीत ही मागणी मुंबई-पुण्यात अनेक वर्षं होत होती, आणि त्याचा परिणाम मोजायची हीच जागा. पहाटे पाचला तीन मराठी गाणी आणि सकाळी नऊला एक, यात फार फरक आहे. नऊच्या तासाला सगळ्यात महाग जाहिरात विकली जाते. तिथे जे वाजतं तेच केंद्राचं खरं धोरण.

रेकॉर्डिंगवर तारीख नसेल तर जाहिराती तारीख सांगतात. गाण्यावरून फक्त इतकंच कळतं की रेकॉर्डिंग त्याच्या आधीचं नाही. जाहिरात दोन्हीकडून बांधते. सराफ गुढीपाडव्याची सूट सांगतोय म्हणजे महिना कळला. "या शुक्रवारपासून" असा सिनेमा आला म्हणजे आठवडा कळला. दुकानाचा फोन क्रमांक नीट ऐका: लँडलाइनच्या क्रमांकांआधी २ लागला तो २००२-०३ च्या सुमारास. बिल्डरच्या जाहिरातीच्या शेवटी कोणी भरभर महारेराचा नोंदणी क्रमांक वाचत असेल, तर रेकॉर्डिंग मे २०१७ च्या नंतरचं. हा क्रमांक आमच्या जिवावर यायचा. वीस सेकंदांच्या जाहिरातीतले चार-पाच सेकंद तोच खायचा. आज मात्र तारीख लावायला त्यासारखी खूण नाही.

नेटवर्कचा कार्यक्रम कसा ओळखायचा

हे फक्त ट्रॅफिकच्या माणसाला दिसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कार्यक्रम गावातल्या स्टुडिओतून होत असेल तर ब्रेक हलतो. आरजेचं बोलणं लांबलं, फोनवरचा श्रोता गमतीचा निघाला, की ८.२० चा ब्रेक ८.२३ ला जातो. सर्टिफिकेटवर रोज वेगळा मिनिट दिसतो. कार्यक्रम दुसऱ्या शहरातून येत असेल, तर त्याच वेळी तो पाच-दहा शहरांत वाजत असतो आणि प्रत्येक शहराला आपापल्या जाहिराती त्याच खिडकीत बसवायच्या असतात. मग ब्रेक सेकंदावर येतो. रोज ८.२१, रोज तितक्याच लांबीचा. जाहिराती कमी पडल्या तर उरलेली जागा केंद्राच्या स्वतःच्या प्रोमोंनी भरतात.

तेव्हा एखाद्या दुकानाची वर्षभराची सर्टिफिकेटं मिळाली, तर वेळेचा रकाना वरून खाली वाचत जा. अमुक महिन्यापर्यंत मिनिटं नाचतात आणि मग एकदम रांगेत उभी राहतात. त्या महिन्यात कार्यक्रम गावातून गेला. आरजेचं नाव तेच असलं तरी गेला. तो मुंबईला किंवा पुण्याला बसून बोलतोय, आणि तुमच्या चौकाचं नाव त्याला कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतंय.

दुसरी खूण जाहिरातदार. फॉर्मॅट नव्या गाण्यांकडून जुन्यांकडे वळला की रिचार्ज, क्लासेस, कॉलेजं कमी होतात आणि हॉस्पिटल, विमा, सराफ, प्लॉट वाढतात. हे एका रात्रीत होत नाही. आधी गाणी बदलतात, आणि सेल्सची मुलं नवा माल घेऊन फिरायला लागली की दोन-तीन महिन्यांनी जाहिरातदार बदलतात. कधी उलटंही होतं, जाहिरातदार आधी गळतात आणि म्हणून गाणी बदलतात. कुठलं आधी झालं ते लॉगवरून लावा. केंद्र स्वतःहून वळलं की वळावं लागलं, याचा निवाडा त्यातच होतो.

श्रोत्यांच्या आकडेवारीवर फार विसंबू नका. २००७ पासून सुरू झालेलं रॅम हे मोजमाप डायरी भरून घेण्यावर चालायचं आणि तेही चार महानगरांपुरतं. तुमचं शहर त्यात नसेल तर "आमचं केंद्र एक नंबर होतं" या वाक्यामागे बहुधा एखादी सेल्सची प्रेझेंटेशन फाइल असते.

फॉर्मॅट बदलला असं कधी म्हणायचं

माझा निकष सोपा आहे. नवी जिंगल, नवा लोगो, नवं घोषवाक्य याला मी फॉर्मॅट बदल म्हणत नाही, ती रंगरंगोटी. गाण्यांचा काळ, भाषा, बोलण्याचं प्रमाण आणि गावातून होणारे तास, या चारपैकी दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि सहा महिन्यांनीही तशाच राहिल्या, तर तो बदल. सणासुदीला आठवडाभर लावलेली जुनी गाणी यात धरू नका. २०२० च्या लॉकडाउनमधले महिने वेगळे काढा. तेव्हा जाहिराती आटल्या होत्या आणि बरीच केंद्रं कशीबशी चालत होती. त्यातलं जे लॉकडाउननंतरही परतलं नाही, तेवढंच बदल म्हणून लिहा.

कम्युनिटी रेडिओला हे निकष लावू नका. ५० वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, निम्मा मजकूर स्थानिक असण्याची अट. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी किंवा म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, यांचा इतिहास जाहिरातीच्या कागदावर सापडणार नाही. तिथे हजेरीवह्या आणि प्रकल्पांचे अहवाल बघा, कारण माणसं कोण येत होती आणि पैसा कुठून येत होता यावर त्यांचा कार्यक्रम ठरतो.

आता माणसांना भेटा

आता आरजे. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. उतरवलेला तास घेऊन जा, त्यांना ऐकवा आणि मग विचारा. "तुमच्या वेळी कसं होतं?" या प्रश्नाला ठरलेली उत्तरं येतात. "हा फोन कट का केला?" याला खरी येतात. ट्रान्समीटरवाल्या इंजिनिअरला विचारा की मुहूर्ताच्या प्रसारणाआधी चाचणी कधी सुरू झाली. गावातल्या हौशी श्रोत्यांना पहिला दिवस म्हणून तो चाचणीचा दिवस आठवतो, पेपराला उद्घाटनाचा. दोन्ही तारखा द्या. सेल्सच्या माणसाला पहिला दर विचारा, दहा सेकंदांचा. आणि ट्रॅफिकमध्ये कोण होतं ते शोधून काढा. बहुतेकदा एक बाई असते, जिचं नाव कुठल्याच पुरवणीत आलेलं नसतं आणि जिच्याकडे एखादी जुनी एक्सेल फाइल असते. नोकरी सोडून गेलेल्यांच्या तक्रारी ऐकून घ्या, पण दुसऱ्या कागदाचा आधार मिळेपर्यंत छापू नका.

लिहिताना नावं त्या-त्या काळातली ठेवा. २००८ ची नोंद असेल तर औरंगाबाद, २०२३ नंतरची असेल तर छत्रपती संभाजीनगर. आकाशवाणीनेही २०२३ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव वापरणं थांबवलं, पण जुन्या कागदावर आहे तसं राहू द्या.

रेकॉर्डिंग सरसकट नेटवर टाकू नका. भारतीय कायद्यात प्रसारणावरचा हक्क २५ वर्षं टिकतो आणि त्यातल्या गाण्यावरचा ६० वर्षं, म्हणजे २००२ चा तास मोकळा झाला तरी त्यातलं गाणं होत नाही. गाण्यांच्या जागा मोकळ्या ठेवून बोलणं आणि जिंगल यांचे छोटे तुकडे समीक्षेपुरते वापरा. पूर्ण फाइल, उतरवलेला तास आणि सहा रकान्यांची शीट यांची एक प्रत नगर वाचनालयात द्या. फाइलच्या नावात शहर, फ्रिक्वेन्सी, तारीख आणि कॅसेट कोणाची ते घाला. तारीख अंदाजाने लावली असेल तर कशावरून लावली तेही त्याच फोल्डरमध्ये एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्याला ती खोडून काढता येईल.